पांढरीपासून नगररचनेपर्यंत

‘नगररचना’ हा शब्द कानावर आला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, ही शहरातल्या इंजिनेरांची भाषा. आपल्या शिवाराशी तिचा काय संबंध? पण गाव शहराच्या जवळ असो की दूर, आज ना उद्या एखादा नकाशा चावडीपाशी येतो. त्यात कोणाच्या मळ्यातून रस्ता आखलेला असतो, कोणाच्या जमिनीवर ‘आरक्षण’ असे लिहिलेले असते, तर कोणाचे शेत ‘हरित पट्ट्यात’ पडलेले असते. त्या वेळी या शब्दांचा अर्थ ठाऊक असणारा माणूस दोन गोष्टी बोलू शकतो, आणि नसणारा नुसता पाहत राहतो. म्हणून आज हे शब्द आले कोठून, ते कोणत्या प्रसंगी जन्मले आणि त्यांनी माणसांचे बरेवाईट काय केले, याची थोडी हकिकत सांगायची आहे.

पहिली गोष्ट ही की, जमिनीचा वापर ठरवून करणे ही काही साहेबाने आणलेली विद्या नव्हे. आपल्या जुन्या गावाकडे पाहा. गावाची जमीन दोन रंगांत वाटलेली. पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख पडली, मातीच्या भिंती ढासळल्या, त्यांवर पुन्हा नव्या भिंती उभ्या राहिल्या, आणि त्या जागेची मातीच पांढुरकी झाली. घराच्या धाब्यावर घालायला लोक हीच माती नेत, आणि शेताला खत म्हणूनही ती गाड्या भरभरून नेत. जुन्या कागदांत ‘समस्त पांढरी’ असा शब्द येतो. तेथे पांढरी म्हणजे माती नव्हे, तर सगळे गावकरी. जमिनीचे नाव माणसांना मिळाले, इतका दोहोंचा संबंध जवळचा.

वस्तीची जागाही उगाच निवडलेली नसे. पाणी जवळ हवे, पण पुराच्या तोंडी नको. उंचवटा हवा, पण चांगली काळी जमीन घराखाली दडपायची नाही. वस्तीची हद्द ते ‘गावठाण’. गुरांना चरायला राखलेले ते ‘गायरान’. शेतावर जायची सर्वांची वाट ती ‘पाणंद’. देवाच्या नावाने राखलेली झाडी ती ‘देवराई’. शिवाय खळ्यांची जागा, बाजाराची जागा, मसणवटीची जागा. ही सगळी वापराची वाटणी होती आणि तिला गावाची संमती होती. आज शहरात ज्याला ‘जमीन वापर आराखडा’ म्हणतात, त्याचा हा आपला घरचा नमुना.

मात्र हा नमुना निर्दोष होता, असे कोणी समजू नये. गावाला कूस होते आणि काही माणसे त्या कुसाबाहेर ठेवलेली होती. त्यांची वस्ती कोठे, त्यांचा पाणवठा कोठे, हे त्यांना विचारून ठरलेले नव्हते. नकाशा गावाचा असो की शहराचा, तो काढताना कोणाला विचारले आणि कोणाला नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढची सारी हकिकत ऐकताना तो मनात धरून ठेवावा.

आता शहराकडे वळू. पुण्यातल्या पेठांची नावे आपण ऐकतो. कसबा ही सर्वांत जुनी. मग सोमवार, रविवार, शनिवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव, नारायणरावांच्या नावाची नारायण. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे सरकार एका जबाबदार माणसाला पुढे करी, त्याला शेटेपणाचा मान देई आणि येणाऱ्या उदम्यांना कौल देई. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द. या, घरे बांधा, दुकाने मांडा, पहिली काही वर्षे पट्टीत सूट मिळेल, असा त्याचा भाव. मग धंद्याधंद्यांच्या आळ्या पडत, तांबट आळी, बुरूड आळी अशा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ बांधून पाणी शहरात आणले आणि ते जागोजाग हौदांत सोडले. वस्ती, धंदा, वाट आणि पाणी या चारांचा मेळ घालणे यालाच नगररचना म्हणतात. नाव तेवढे तेव्हा नव्हते.

इंग्रजी अमलात जमिनीकडे पाहण्याची तऱ्हा बदलली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी आणि सारा-आकारणी सुरू केली, आणि तीच रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेहेतीस फुटांची साखळी आली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या शेताला आंबराई, थळ, पट्टी अशी नावे होती, त्याला आता सर्व्हे नंबर मिळाला. यात फायदा झाला, कारण हद्दीचे तंटे मोजून सुटू लागले. पण शेत नंबराने ओळखले जाऊ लागल्याबरोबर, ज्याने ते कधी पाहिलेही नाही त्यालाही कचेरीत बसून त्याच्याविषयी ठरवता येऊ लागले.

यानंतर जी घटना घडली, तिने आपल्याकडील नगररचनेला खरा जन्म दिला. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, डोके वर काढले. पुढच्याच वर्षी तो पुण्यात भडकला. मुंबईच्या दाट वस्तीत अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि खेटून उभ्या चाळी. सरकारने ठरवले की शहरच मोकळे केले पाहिजे. १८९८ साली ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढले. समुद्रावरचा वारा आतल्या वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखा रस्ता आखला. शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या, तेथल्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी आजही त्या आखणीची साक्ष देतात. १९३३ साली हा ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला.

काम मोठे झाले, यात संशय नाही. पण पहिल्या वर्षांत घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून जास्त होता. ज्या गरिबाची खोली पडली, तो दादरच्या नव्या बंगलीत राहायला गेला नाही. तो शेजारच्या चाळीत शिरला, आणि तेथे गर्दी आणखी वाढली. दुखणे एका गल्लीतून निघून दुसऱ्या गल्लीत गेले.

हे ज्याने नेमके ओळखले, त्या माणसाची आठवण येथे काढलीच पाहिजे. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा हा गृहस्थ मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला, गावोगाव पायी हिंडला, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे सांगणे साधे होते. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे शहराचेही करावे. आधी पाहणी, मग योजना. सरसकट सगळी गल्ली पाडू नका. एखादे पडके घर काढा, तेथे लहानसा चौक होऊ द्या, झाड लावा, विहीर साफ करा. थोडक्या कापाकापीत माणूसही जगतो आणि घरही.

इंदूरला होळकर दरबाराने त्याला बोलावले होते. त्याच्या चरित्रकारांनी तेथली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. १९१७ च्या सुमारास शहरात प्लेगची धास्ती होती, आणि आखणी करणारा साहेब दिसला की घरे पाडायला आला असे समजून लोक त्याच्याकडे रागाने पाहत. गेडिसने महाराजांकडे एक दिवसाचे राजेपण मागून घेतले. दिवाळीत नवी मिरवणूक काढायची ठरली. दवंडी पिटली की, मिरवणुकीचा रस्ता परंपरेचा नसेल. ज्या आळीतली घरे जास्त साफसूफ आणि डागडुजी केलेली असतील, त्या आळीतून ती जाईल. मग काय विचारता! घरोघर उपसणे, सारवणे, रंगवणे सुरू झाले. गाड्यांवर गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, फुले लावून मानाने चालत होते. ज्यांना एरवी कोणी जवळ करीत नसे, त्यांच्याशिवाय शहर उभे राहत नाही, हे त्या दिवशी हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. गेडिसचा इंदूरवरचा दोन भागांचा अहवाल १९१८ साली निघाला. पण माणसे आपली मानून कामाला लागली तर योजना निम्मी पार पडते, हा धडा त्या मिरवणुकीनेच दिला.

याच सुमारास, १९१५ साली, मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला कायदा. त्यात ‘नगररचना योजना’ नावाची एक युक्ती आहे, ती शेतकऱ्याने मुद्दाम समजून घ्यावी. तिचे मूळ जर्मनीत, फ्रँकफुर्टसाठी १९०२ साली झालेल्या कायद्यात सापडते. पण ती समजायला जर्मनीला जायला नको.

असे समजा की, दहा शेतकऱ्यांच्या एकेक एकराच्या दहा जमिनी लागून आहेत. कोणाची लांबट, कोणाची त्रिकोणी, कोणाला वाटच नाही. या दहा एकरांत वस्ती व्हायची आहे. मग या जमिनी नकाशावर एकत्र मांडायच्या. रस्ते, शाळा, बाग, गटार यांसाठी समजा चार एकर बाजूला काढायचे. उरले सहा एकर. ते दहा जणांत वाटले की प्रत्येकाला २४ गुंठे मिळतात. जमीन घटली खरी. पण आता ती चौरस आहे, रस्त्याला लागून आहे, आणि तिचे मोल पहिल्या एकराहून जास्त झाले आहे. पहिल्या तुकड्याला ‘मूळ भूखंड’ म्हणतात आणि नव्याला ‘अंतिम भूखंड’. कोणाला किती, हे लवाद ठरवतो. गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि वाढलेल्या मोलातला द्यावयाचा हिस्सा यांचा मेळ घातला जातो. मुख्य गोष्ट अशी की, मालक मालकच राहतो. तो गाव सोडून जात नाही.

वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ही मुंबईची उपनगरे आणि पुण्यातले भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, यांचे पुष्कळसे भाग या योजनांनी बसवले. तेथल्या जुन्या पत्त्यांत आजही ‘टीपीएस’ किंवा ‘फायनल प्लॉट’ अशी अक्षरे दिसतात; ती या कायद्याची खूण. गुजरात त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. तेथे ही रीत पुढेही जोमाने चालू राहिली. आपल्याकडे मात्र मधली पुष्कळ वर्षे ती मागे पडली.

तिच्या जागी जो शब्द जास्त चालू झाला तो ‘संपादन’. संपादन म्हणजे सरकारने सार्वजनिक कामासाठी जमीन मोबदला देऊन कायमची घेणे. योजनेत जमीन घटून परत येते, संपादनात ती जाते आणि पैसा येतो. पैसा किती दिवस पुरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे नवी मुंबई. मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. कल्पना विचारपूर्वक केलेली होती. १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. आगरी-कोळ्यांची ही गावे. भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर त्यांचे पोट. गावठाणे जागच्या जागी राहिली, पण भोवतालचे शिवार गेले. काळी गेली आणि पांढरी उरली! शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण पुढे आले. हिशेबाने पाहिले तर एकराला पाच गुंठे, आणि सार्वजनिक सोयींसाठीची कपात वेगळी. तेवढ्यासाठी पाच माणसे गेली. जी वाटणी १९१५ च्या कायद्यात आरंभीच सुचवलेली होती, तिचा थोडासा अंश येथे रक्त सांडल्यावर हाती आला.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि तिच्यावर स्वतःच वसाहत उभी केली. तीच आजची मगरपट्टा. सर्वांनाच असे जमेल असे नाही. जमीन शहराला लागून होती आणि भाऊबंदकीत एकोपा होता. पण नकाशा दुसऱ्याने काढण्याआधी आपण काढला तर काय होते, हे त्यावरून कळते.

आता राहिलेले चार शब्द पाहू. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना ‘विकास योजना’ करणे भाग पाडले. मग १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला आणि ११ जानेवारी १९६७ पासून तो लागू झाला. त्यात तीन पायऱ्या आहेत. अनेक तालुक्यांची मिळून ती ‘प्रादेशिक योजना’, एका शहराची ती ‘विकास योजना’, आणि शहराच्या एका तुकड्याची ती ‘नगररचना योजना’.

विकास योजनेच्या नकाशावर रंग असतात. राहण्याचा भाग बहुधा पिवळा, कारखान्यांचा जांभळा, शेती आणि मोकळी जागा हिरवी. हे झाले ‘विभाग’ किंवा झोन. विभाग म्हणजे त्या जागी काय चालेल याचा नियम. ‘आरक्षण’ त्याहून वेगळे. ते म्हणजे हीच जागा शाळेला, रस्त्याला किंवा बागेला लागणार, असा नकाशावरचा शेरा. आरक्षण पडले म्हणजे जमीन त्या क्षणी गेली असे नव्हे. आणि अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालकाला नोटीस देऊन विचारण्याचा हक्क कायद्यात आहे.

‘बिनशेती’ हा शब्द गावोगाव ठाऊक आहे. शेतजमीन घर, दुकान वा कारखान्यासाठी वापरायची तर वर्षानुवर्षे कलेक्टर कचेरीची परवानगी घ्यावी लागे. अलीकडे हे नियम पुष्कळ सैल झाले आहेत. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता तलाठी वा तहसील कचेरीत आजचा नियम विचारून मगच पाऊल टाकावे.

सर्वांत अवघड वाटणारा शब्द ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. मुंबईत तो १९६४ सालच्या आराखड्याबरोबर आला. पण तो शब्दच आपला अर्थ सांगतो. घराच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत चटई अंथरा, आणि मग त्या सगळ्या चटया खाली आणून अंगणात मांडा. त्या एकूण चटयांनी जितकी जागा व्यापली, तिला भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागायचे. गुंठाभर जागेवर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून १०८९ चौरस फूट. निम्म्या जागेवर घर बांधले तर दोन मजले चढतील. निर्देशांक दोन झाला तर तेवढ्याच पायावर चार. या एका आकड्याने जमिनीचे मोल दुप्पट होते. म्हणून विकणाऱ्याला आकडा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला आहे, अशा सौद्यात कोण बुडतो हे सांगायला नको.

या सगळ्यात एक जागा अशी आहे की जेथे साध्या माणसाचा शब्द ऐकण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस निघते आणि ‘हरकती व सूचना’ मागवतात. त्यांना मुदत असते, ती नोटिशीत लिहिलेली असते. त्या मुदतीत आपला सर्व्हे नंबर घालून, कारण देऊन, लेखी अर्ज करायचा आणि त्याची पोच घ्यायची. मुदत टळली की मग मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या. ओलाव्यात पेरले तर उगवते, वापसा गेल्यावर पेरून काय उपयोग?

गुरुजी मंडळींना शेवटी एक विनंती. भूगोलाच्या तासाला मुलांकडून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्या. गावठाण, गायरान, पाणंद, ओढा, विहिरी, मसणवट हे सगळे त्यात रंगवून घ्या. कोणती वाट बुजली, कोणते गायरान अतिक्रमणात गेले, पावसाचे पाणी कोठे तुंबते, हे घरी म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा. कुसाबाहेरच्या वस्तीला पाणी आणि रस्ता पोचला की नाही, तेही त्या नकाशात येऊ द्या. असा कागद शाळेच्या भिंतीवर लागला म्हणजे गेडिसने सांगितलेली पाहणी झालीच म्हणायची. मग बाहेरून जेव्हा दुसरा नकाशा येईल, तेव्हा गावापाशी त्याच्याशेजारी धरून पाहायला आपला स्वतःचा नकाशा असेल, आणि कोठे काय चुकते आहे हे ग्रामसभेत बोट ठेवून सांगता येईल.